खेळाने बोध होतो का?



कीर्तनाची सेवा आता शरीराला झेपत नाही. आवाज बसला, गुडघे गेले, दोन-अडीच तास उभे राहणे होत नाही. म्हणून गेले दीड वर्ष घरी बसून थोडे वाचन आणि सकाळ-संध्याकाळ हरिपाठ एवढेच चालू आहे. आज ज्या विषयावर लिहायला बसलो आहे तो पाहून फडावरची जुनी मंडळी हसतील. विषय आहे मोबाईलवरचे आणि संगणकावरचे खेळ, ज्यांना पोरे ‘गेम’ म्हणतात. या खेळांतून खेळणाऱ्याला काही बोध होतो का? हा प्रश्न मला एका पंधरा वर्षांच्या मुलामुळे पडला, आणि त्याला द्यायचे उत्तर माझ्याकडून राहून गेले आहे.

आधी माझा अपराध सांगतो. अखेरची सात-आठ वर्षे माझ्या कीर्तनात मोबाईलचा एक दृष्टांत ठरलेला असे. अभंगाचे दोन चरण झाले, मंडपातले लोक जरा सुस्तावले, की मी मान खाली घालून दोन्ही अंगठे हवेत नाचवायचो आणि तोंडाने बंदुकीचा आवाज काढायचो. मागचे टाळकरी हसायचे, मृदंगाचार्य नेमकी एक थाप टाकायचे, सगळा मंडप हसायचा. मग मी एकदम आवाज चढवून म्हणायचो, ‘‘ज्या हातात टाळ असायला पाहिजे त्या हातात हा काळ बसलाय!’’ टाळ आणि काळ. यमक जुळले की कीर्तनकाराला वाटते सिद्धांत जुळला. हशा फार गोड लागतो हो, तुपासारखा, आणि तुपासारखाच अंगावर चढतो.

दोन वर्षांपूर्वी एका गावच्या सप्ताहात सहाव्या दिवशीची सेवा माझ्याकडे होती. निरूपणाला भूतदयेचा अभंग घेतला होता. सर्व जिवांत तोच एक पांडुरंग आहे, मुंगीलासुद्धा दुखवू नये, असे दोन तास सांगितले. मध्ये तो दृष्टांत आलाच. पंधरा दिवसांनी एक बाई आपल्या भावाला घेऊन घरी आली. पाया पडली, बसली, बराच वेळ बोलेना. मग म्हणाली, ‘‘महाराज, त्या दिवशी तुमचं कीर्तन ऐकून हे घरी आले. पोरगं मोबाईलवर खेळत होतं. ह्यांनी मोबाईल घेतला आणि अंगणातल्या दगडावर आपटला. पोराला लई मारलं. पोरगं रात्रीच निघून गेलं. दुसऱ्या दिवशी रात्री स्टेशनवर सापडलं, फलाटावर.’’

मला वाटले, ती आता मला बोल लावील. तिने लावला नाही, आणि तेच जास्त लागले. ती म्हणाली, ‘‘ह्यांनी तुमचं ऐकलं. आता तुम्हीच पोराला चार शब्द सांगा. ते बापाशी बोलतच नाही.’’

मी गेलो. मुलगा ओसरीवर भिंतीला टेकून बसला होता. डोळ्याखाली अजून काळे-निळे होते. मी सवयीने सुरुवात केली, नरदेह दुर्लभ आहे, वेळ वाया घालवू नये, वगैरे. त्याने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, ‘‘महाराज, तुम्ही कुठला गेम बघितलाय?’’

त्याच्या आवाजात उर्मटपणा नव्हता. त्याला खरेच जाणून घ्यायचे होते. आणि मी एकही बघितला नव्हता. आयुष्यभर लोकांना प्रत्यक्ष, अनुमान आणि शब्द ही प्रमाणे समजावून सांगितली. आणि ज्या गोष्टीवर सात-आठ वर्षे बोलत होतो तिच्याबाबत माझ्यापाशी यातले एकही प्रमाण नव्हते. होती ती फक्त ऐकीव गोष्ट आणि ठरलेला हशा. मी ‘‘बघून सांगतो’’ म्हणालो आणि उठलो.

घरी येताना आणखी एक विचार डोक्यातून जाईना. त्या माणसाने माझ्या तोंडून दोन तास भूतदया ऐकली आणि घरी जाऊन पोराला डोळा काळानिळा होईपर्यंत मारले. मग माझ्या कीर्तनाने त्याला काय शिकवले? खेळाने बोध होतो का, हे विचारण्याआधी कीर्तनाने होतो का, हे विचारायला नको काय?

आता आपल्या परंपरेकडे वळू. आपण वारकरी खेळाचे वैरी कधीच नव्हतो. वारीत चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण होते, पुढे गोल रिंगणे होतात. घोडा धावून गेला की वारकरी फुगड्या धरतात, हुतूतू घालतात, मनोरे रचतात. सत्तर वर्षांचा विणेकरी फुगडी खेळताना ज्याने पाहिला आहे त्याला खेळ म्हणजे काय हे वेगळे सांगायला नको. तुकोबारायांची गाथा उघडली तर त्यात विटीदांडू, चेंडूफळी, हुतूतू, हमामा, हुंबरी, फुगडी या खेळांवरचे अभंग आहेत. गावच्या पोरांचे खेळ घेऊन महाराजांनी त्यांतून परमार्थ सांगितला. आणि सप्ताहाची सांगता होते ती काल्याने, म्हणजे गोपाळांच्या खेळानेच.

मोक्षपटही आपलाच. आज ज्याला सापशिडी म्हणतात त्याचे हे जुने रूप. पटावर घरे असतात, घरांना नावे असतात. दया, भक्ती, वैराग्य अशा घरांवरून शिडी वर जाते; काम, क्रोध, मद, मत्सर यांच्या घरात सापाचे तोंड असते. कवड्या टाकायच्या आणि वर वर जायचे. परंपरेने हा खेळ ज्ञानोबारायांच्या नावाशी जोडला आहे. अभ्यासकांच्या हाती जे जुने पट आले आहेत ते बहुतेक अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतले आहेत, म्हणून मी या नावावर वाद घालत बसत नाही. एवढे मात्र खरे, की एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हाच खेळ इंग्लंडात गेला आणि तिथे हळूहळू घरांची नावे गळून पडली. राहिले नुसते साप, नुसत्या शिड्या आणि आकडे. तोच नावे पुसलेला पट पुन्हा आपल्याकडे आला आणि आपल्या पोरांनी तो खेळला. साप का गिळतो हे कोणाला ठाऊक नाही. गिळतो एवढेच ठाऊक.

पण या मोक्षपटातही एक अडचण आहे, आणि ती मला या वयात प्रथमच जाणवली. कवड्या पडतील तसे जायचे असते. मी क्रोधाच्या घरात गेलो तो मला राग आला म्हणून गेलो नाही. कवड्या तशा पडल्या. दयेच्या घरातून वर चढलो तर मी कोणावर दया केली म्हणून चढलो नाही. पट आपल्याला वाट दाखवतो, कुठे खड्डा आहे ते सांगतो. पण खेळणाऱ्याच्या हातून काही घडत नाही. तो हरला तर म्हणतो, ‘‘नशीब!’’

खेळाचे भयही आपल्याला जुनेच आहे. धर्मराज द्यूतात राज्य, भाऊ, स्वतःला आणि द्रौपदीला हरला, ही कथा मी किती वेळा सांगितली असेल याची गणती नाही. पण पुढची कथा मी कीर्तनात क्वचितच सांगितली, कारण तिच्यात हशाही नाही आणि रडूही नाही. वनपर्वात बृहदश्व ऋषी धर्मराजाला भेटायला येतात. धर्मराज त्यांना विचारतो, माझ्याइतका दुःखी राजा कोणी झाला आहे काय? ऋषी त्याला नळराजाची कथा सांगतात. नळही फाशांनीच बुडाला होता. त्याच्या अंगात कली शिरला होता. पुढे ऋतुपर्ण राजाने नळाला अक्षहृदय, म्हणजे फाशांचे मर्म शिकवले, आणि ते मर्म कळताच कली त्याच्या अंगातून बाहेर पडला. ही कथा संपवून बृहदश्वांनी तेच अक्षहृदय धर्मराजाला दिले. फाशांपासून दूर पळ असे ऋषी म्हणाले नाहीत. ज्याने तू बुडालास ते आतून कसे चालते ते आधी जाणून घे, असा त्यांचा उपाय. कथा चाळीस वर्षे तोंडपाठ होती. अर्थ त्या ओसरीवरच्या मुलाने विचारल्यावर उघडला.

माझा भाचा पुण्यात संगणकाचे काम करतो. त्याला म्हटले, ‘‘अरे, मला तुझे ते गेम दाखव. पण लुटुपुटूचे नको. ज्याने काही शिकता येते म्हणतात, ते दाखव.’’ तो हसला नाही, हे त्याचे थोरपण. सुट्टीच्या दिवशी संगणक घेऊन आला आणि तीन दिवस राहिला.

हाताचे आणि बुद्धीचे कसब खेळांनी वाढते, यावर मी फार शाई खर्च करत नाही. ते मला लगेच पटले. त्याने एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठाने २००८ साली ‘फोल्डइट’ नावाचा खेळ काढला. त्यात प्रथिनांच्या साखळ्या पडद्यावर नीट दुमडून बसवायच्या. खेळणाऱ्यांना शास्त्र यायलाच पाहिजे असे नाही. माकडांत एड्ससारखा रोग करणाऱ्या एका विषाणूच्या एन्झाइमची रचना शास्त्रज्ञांना दहा वर्षांहून अधिक काळ सापडत नव्हती. २०११ साली या खेळाडूंनी ती सुमारे तीन आठवड्यांत लावून दाखवली. मी हात जोडले. पण म्हटले, ‘‘बाळा, हे बुद्धीचे झाले. रावणही बुद्धिमान होता. माणूस चांगला होतो का, ते सांग.’’

तेव्हा त्याने एक फार जुना खेळ उघडला. १९८५ सालचा, रिचर्ड गॅरियट नावाच्या माणसाने रचलेला. नाव ऐकून मी दचकलो: ‘अल्टिमा ४: क्वेस्ट ऑफ द अवतार’. आपलाच ‘अवतार’ शब्द. चित्रे अगदी ओबडधोबड, ठिपक्या-ठिपक्यांची. आपल्या गोधडीवरची नक्षी बरी. पण आतली रचना ऐका. या खेळात शेवटी मारायला कोणी राक्षस नाही. आठ सद्गुण आहेत: प्रामाणिकपणा, करुणा, शौर्य, न्याय, त्याग, सन्मान, अध्यात्म आणि नम्रता. खेळणाऱ्याने ते अंगी बाणवायचे आणि अखेरीस पाताळासारख्या एका खोल विवरात उतरून ज्ञानाचा ग्रंथ गाठायचा. शेवटी ग्रंथ! मी म्हटले, हा माणूस कुठल्या फडावरचा?

सुरुवातीलाच एक ज्योतिषीण प्रश्न विचारते. प्रश्न असे, की दोन सद्गुण एकमेकांशी भांडतात. तुमच्याकडे कोणी न मोजलेली सोन्याची थैली पोहोचवायला दिली आहे; वाटेत भिकारी भेटला; एक नाणे काढून दिले तर कोणाला कळणार नाही. सोपवलेले जसेच्या तसे पोहोचवाल, की भुकेल्याला द्याल? मी दहा मिनिटे गप्प बसलो. भाचा म्हणाला, ‘‘मामा, कुठलंही दाबा, चुकीचं असं काही नाही.’’ पण मला दाबवेना. धर्मसंकटावर व्याख्याने देणे वेगळे आणि बटणावर बोट ठेवून बसणे वेगळे.

मग फिरता फिरता एक दुकान आले. औषधी वनस्पती विकणारी बाई, आंधळी. तिने किंमत सांगितली. पैसे किती ठेवायचे ते आपण आकड्यात टाकायचे. तिला दिसत नाही, ती मोजत नाही. भाच्याने विचारले, ‘‘किती टाकू?’’ पुढे नाणी लागतील, तलवार घ्यायची आहे, असे आधीच बोलणे झाले होते. दहा नाण्यांचा माल होता. मी म्हणालो, ‘‘एक टाक.’’

लिहिताना हात थांबतो, पण लिहितोच. ‘‘एक टाक’’ म्हणायला मला जरासुद्धा वेळ लागला नाही. थैलीच्या प्रश्नाला दहा मिनिटे लागली होती, कारण तिथे प्रश्न विचारला आहे हे मला ठाऊक होते. इथे कोणी प्रश्न विचारला नव्हता. नुसता बाजार होता.

पुढे राजवाड्यात एक द्रष्टा भेटतो. त्याला एकेक सद्गुणाचे नाव सांगायचे, मग तो आपली पायरी सांगतो. प्रामाणिकपणाचे विचारले, तेव्हा त्याने जे सुनावले ते भाच्याने मराठी करून वाचायचे टाळले. मी आग्रह धरला. अर्थ एवढाच होता, की तू चोर आहेस. मला लाज वाटली, माउली. शहात्तर वर्षांचा मी, गळ्यात तुळशीची माळ, समोर ठिपक्यांचे चित्र, आणि कान गरम झाले. भाचा म्हणाला, ‘‘अहो मामा, सगळे हेच करतात. मीपण शाळेत असताना केलं होतं.’’

त्या रात्री मी कीर्तनाचा विचार करत पडलो. मी मंडपात म्हणतो, ‘‘लोक आंधळ्यालाही फसवतात.’’ पाचशे माणसे माना डोलावतात, आणि प्रत्येकाच्या डोळ्यासमोर शेजारचा असतो. कीर्तनात ऐकणारा हा ऐकणाराच राहतो. कथेतल्या हरिश्चंद्रासाठी तो रडतो, आणि रडला म्हणून आपण हरिश्चंद्राच्या बाजूचे, असे त्याला वाटते. या खेळाने मला श्रोता राहू दिले नाही. त्याने मला कर्ता केले, आणि मग माझे केलेले माझ्यापुढे ठेवले. कीर्तनाला हे जमत नाही, हे मी पन्नास वर्षांची सेवा स्मरून कबूल करतो. तो बाप माझ्या मंडपात दोन तास श्रोता होता. घरी जाऊन जे केले ते त्याने कर्ता म्हणून केले. मधला पूल मी बांधला नव्हता.

इथेच थांबलो असतो तर मी आता गावोगाव गेमचा प्रचार करत हिंडलो असतो. पण दुसरा दिवस उजाडला.

मला माझी अब्रू परत हवी होती. भाचा म्हणाला, ‘‘सोपं आहे मामा. इथून पुढे पूर्ण पैसे देत राहा, भरून येईल. करुणा वाढवायची तर भिकाऱ्याला नाणं द्या. एकच द्यायचं, पण पुष्कळ वेळा. दहा एकदम दिली तरी तेवढंच, एक दिलं तरी तेवढंच.’’ मुळात खेळाने हा हिशेब लपवलेला आहे, आकडे कुठेच दिसत नाहीत. पण खेळणाऱ्यांनी तो चाळीस वर्षांत शोधून काढला. मग आम्ही भिकाऱ्यासमोर उभे राहून एक-एक नाणे देत बसलो. एक दिले, पुन्हा एक, पुन्हा एक. मला हसू आले आणि लगेच जिरले. पंढरपुरात महाद्वाराच्या वाटेवर मी हेच पाहिले आहे. एकादशीला सुट्ट्या पैशांची पिशवी घेऊन निघालेले शेटजी, रांगेतल्या प्रत्येक हातावर एक-एक, चेहऱ्याकडे न बघता. पुण्याचा हिशेब लावणारा माणूस खेळाने निर्माण केला नाही. तो आधीच होता. आपण ज्याला सकाम म्हणतो तो हाच. पण खेळाची अडचण अशी की त्याला सकाम आणि निष्काम यांतला भेद करताच येत नाही. त्याला हात दिसतो, हेतू दिसत नाही. मी भिकाऱ्याला कळवळून नाणे दिले काय आणि गुण वाढवायला दिले काय, यंत्राच्या वहीत नोंद एकच. नम्रतेचेही तसेच. कोणी विचारते, तू सर्वांत थोर आहेस का? ‘हो’ म्हटले तर नम्रता घटते. मग सगळेच ‘नाही’ म्हणायला शिकतात. असे ‘नाही’ म्हणणारे आमच्या कीर्तनकारांतही थोडे नाहीत, आणि त्यांत मी होतो.

दुसरी गोष्ट मला अधिक खुपली. मी भाच्याला म्हटले, ‘‘मला त्या आंधळ्या बाईकडे परत जायचंय. पहिल्यापासून सुरू कर.’’ त्याने केले. पुन्हा ज्योतिषीण, पुन्हा वाट, पुन्हा दुकान. या वेळी दहाची दहा नाणी मोजून ठेवली. मन हलके झाले का? नाही झाले. कारण ही बाई ती नव्हती. जिला फसवले होते ती पुसली गेली होती, तिच्याबरोबर माझे पापही पुसले गेले होते, आणि पश्चात्ताप करायला जागाच राहिली नव्हती. पश्चात्तापाला न पुसता येणारी गोष्ट लागते. खेळात सराव होतो. हात, नजर, विचार, कधी कधी लाजसुद्धा. पण अनुतापाने माणूस जो आतून वितळतो, तो वितळण्यासाठी समोर कोणीतरी खरे दुखावलेले असावे लागते. त्या बापाला ‘पहिल्यापासून सुरू कर’ असे कोणाला म्हणता येणार होते?

तरी हट्टाने एकांगी बोलू नये म्हणून एक सांगतो. भाच्याने पोलंड देशातला एक खेळ दाखवला, ‘धिस वॉर ऑफ माइन’, २०१४ सालचा. युद्धावरचा आहे, पण त्यात आपण सैनिक नसतो. वेढा पडलेल्या शहरात अडकलेली साधी माणसे असतो. सारायेव्हो शहराला १९९२ ते १९९६ पडलेल्या वेढ्यावरून तो सुचला. खायला नाही, औषध नाही. एका घरात म्हातारा-म्हातारी राहतात, त्यांच्याकडे थोडे अन्न आहे. ते चोरले तर आपली माणसे जगतात. पण ज्याने चोरले तो पुढे खचतो, उठत नाही, बोलत नाही. २०२० साली पोलंडच्या सरकारने हा खेळ अठरा वर्षांवरच्या विद्यार्थ्यांच्या पूरक वाचनाच्या यादीत घातला. म्हणजे पुस्तकांच्या पंक्तीला खेळ बसवला. मला हा खेळ फार वेळ पाहवला नाही. त्या म्हाताऱ्याच्या जागी मीच दिसू लागलो.

आणि उलट बाजूही आहे. सगळे खेळ असे नाहीत, बहुतेक नाहीतच. पुष्कळ खेळ असे रचलेले असतात, की उठावेसे वाटू नये, पैसे घालत राहावे. जागतिक आरोग्य संघटनेने अशा व्यसनाला रोगांच्या यादीत घेतले आहे, १ जानेवारी २०२२ पासून ती यादी लागू आहे. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर आपल्या संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये कायदा करून बंदी आणली. ती आणायलाच हवी होती. शकुनीचे फासे खिशात घालून हिंडायला आपण पोरांना मोकळे सोडले होते. या बाबतीत माझे मत बदललेले नाही. जो खेळ संपतच नाही त्याच्यापासून जपा.

पण जपायचे म्हणजे दगडावर आपटायचे, हे मी पुन्हा कोणाला सांगणार नाही.

गेल्या माघात मी त्या गावी पुन्हा गेलो. मुलाची दहावी झाली होती. आता तो बापाशी बोलतो, पण मोजके, हो-नाही एवढेच. घरात नवा मोबाईल आला आहे, तो बापाचा. संध्याकाळी अर्धा तास मुलाला मिळतो. मी त्याला म्हटले, ‘‘मी बघून आलोय. आता तू तुझा दाखव.’’ त्याला आधी खरेच वाटेना. मग जवळ सरकून बसला.

त्याचा खेळ तोच, ज्याची मी नक्कल करायचो. शंभर जण विमानातून एका बेटावर उतरतात. बेटाभोवतीचे रिंगण आवळत जाते. एकमेकांना मारायचे, शेवटी जो उरेल तो जिंकला. मला यात काही चांगले दिसेना, आणि मी तसे त्याला सांगितले. तो म्हणाला, ‘‘चार जणांची टोळी असती महाराज. आपला कुणी पडला तर त्याला उचलता येतं. थोडा वेळ असतो तेवढ्यात.’’ तेवढ्यात त्याचा एक गडी पडला. लांब, उघड्या माळावर. हा आडोसा सोडून धावला, वाकला, आणि त्याला उचलता उचलता स्वतः मारला गेला. पडद्यावर लाल झाले.

मी विचारले, ‘‘जिंकायचं होतं तर गेलास कशाला?’’

‘‘माझा पार्टनर हाय ना.’’

‘‘कोण आहे तो?’’

‘‘काय माहीत. कुठंतरी बिहारकडचा हाय. रोज असतो.’’

मला पुढे काय बोलावे कळेना. उंबऱ्यात बाप उभा होता. केव्हा आला होता ते आम्हाला समजले नव्हते. धारा काढून आला होता, हातात चरवी होती. त्याने माझ्याकडे पाहिले नाही. पोराच्या खांद्यावरून पडद्याकडे वाकून त्याने विचारले, ‘‘मग? उठला का तो?’’

मुलाने मोबाईल जरा तिरपा करून त्याच्याकडे धरला.